रॅटलस्नेक काढायचाय? आधी त्याला नीट बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिट व्हायपर, म्हणजे तोंडावर उष्णता ओळखणारा खड्डा असलेल्या विषारी सापांची चित्रमालिका करायला घेतली आहे, त्यात मोठा वाटा रॅटलस्नेकचा, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेल्या सापांचा. फोटो समोर ठेवून काढता, खवले बरोबर येतात, प्रमाण चुकत नाही, तरी साप रबरी दिसतो. जुनी चित्रं आणि शिल्पं पाहावीत तर प्रत्येकात वेगळाच साप. मग कुणाचं खरं मानायचं, रानात हे साप असतात तरी कसे, आणि रंगवायचे कसे?

मी सापांवर रानात काम करतो आणि शास्त्रीय चित्रंही काढतो, म्हणून दोन्ही अंगांनी सांगतो. दोष तुमच्या हातात नसावा, समोरच्या फोटोत असावा. या सापांचे जे फोटो सगळीकडे फिरतात त्यांतले बहुतेक साप वैतागलेले असतात. आकडीने उचलून मोकळ्या खडकावर ठेवलेले, डिवचलेले, तोंडासमोर लेन्स आलेले. मान ताठ, जबडा उघडा, शेपटी वर. त्याच्या आयुष्यातले हे मोजके क्षण, आणि तेही माणसाने लादलेले. बाकी बहुतेक आयुष्य पिट व्हायपर बसून काढतो. बसलेला साप काढता आला की चवताळलेला जमतोच. उलट्या क्रमाने शिकणारे कायम अडकतात.

बसणं म्हणजे सुस्त पडणं नव्हे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातला टिंबर रॅटलस्नेक घ्या. तो पडलेल्या ओंडक्याच्या कडेला वेटोळं घालतो आणि हनुवटी ओंडक्यावर टेकवतो, डोकं ओंडक्याच्या लांबीला काटकोनात ठेवून. उंदरासारखे छोटे प्राणी अशा ओंडक्यांवरून ये-जा करतात, त्यांचा तो रोजचा रस्ता असतो. साप त्या रस्त्याकडे तोंड करून तासन्तास, कधी दिवसेंदिवस थांबतो. ही बैठक १९८४ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी तपशिलात नोंदवली, आणि तेव्हापासून अनुभवी माणूस नुसत्या बैठकीवरून सांगू शकतो की साप शिकारीला बसलाय, उन्हाला बसलाय की खाऊन पचवत बसलाय.

आता त्या बैठकीत शरीराचं काय होतं ते बघा. बाहेरचं वेटोळं जमिनीवर पसरतं. खालची बाजू वजनाने सपाट होते, कडेची कातडी किंचित फुगते आणि खवल्यांच्या ओळींमधली मऊ, फिकी त्वचा डोकावते. आतलं वेटोळं बाहेरच्यावर रेलतं. ताण फक्त मानेमागच्या भागात, जिथे शरीर दोनदा मुडपलेलं असतं, कारण झेप तिथून निघते. रबरी चित्रात ताण सगळीकडे सारखा असतो आणि शरीराचा छेद सगळीकडे गोल. व्हायपरचा छेद गोल नसतो. रोडावलेल्या सापाच्या पाठीवर कण्याची धार जाणवते आणि दोन्ही बाजूंना उतार दिसतो. उन्हाला बसलेला साप बरगड्या पसरून चपटा होतो. गाभण मादी मागच्या अर्ध्या भागात जड असते. म्हणून आधी पेन्सिलीने वजन कुठे टेकलंय तेवढंच काढा. खवल्यांना हात लावायची घाई नको.

डोक्याकडे येऊ. इथे चुका सर्वांत जास्त होतात.

पिट व्हायपर हे नाव ज्या खड्ड्यामुळे पडलं तो डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे, त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली असतो. बरेच चित्रकार तिथे दुसरी नाकपुडी काढून मोकळे होतात. खड्डा नाकपुडीपेक्षा ठळक असतो, त्याची कड खवल्यांनी बांधलेली असते आणि त्याचं तोंड पुढच्या दिशेला झुकलेलं असतं. त्यामुळे अगदी समोरून पाहिलं तर दोन्ही खड्डे दिसायला हवेत. घोणस आणि फुरसे हेही व्हायपरच, पण त्यांना हा खड्डा नसतो. तेव्हा घोणस समोर ठेवून रॅटलस्नेक काढू नका, आणि खड्डा काढून त्याला घोणस म्हणू नका. दुसरी चूक मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे.

डोळ्यावरचा मोठा खवला छज्जासारखा पुढे येतो. साप रागीट दिसतो तो याच खवल्यामुळे. भुवया नाहीत, पापण्या नाहीत, चेहऱ्याचे स्नायू नाहीत, तर राग दाखवणार कशाने? झोपलेला रॅटलस्नेकही रागावलेलाच दिसतो. त्याला आणखी रागीट करण्यासाठी कपाळावर आठ्या घालणारे चित्रकार आहेत. तिथे साप संपतो आणि व्यंगचित्र सुरू होतं.

बाहुली उभी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कधी हे कुणी विचारत नाही. भर उन्हात ती बारीक चीर असते. रात्री ती रुंदावते, इतकी की अंधारातल्या सापाची बाहुली जवळजवळ गोल दिसू शकते. चांदण्यातला साप काढून त्याच्या डोळ्यात दुपारची चीर घातली की जाणत्या माणसाला ते खटकतं.

डोक्यावरचे खवले जातीप्रमाणे बदलतात. मोठ्या रॅटलस्नेकांच्या, म्हणजे क्रोटॅलस प्रजातींच्या, डोक्यावर बारीक खवल्यांची गर्दी असते. सिस्ट्रुरस या दुसऱ्या, छोट्या रॅटलस्नेकांच्या गटात डोक्यावर मोठ्या पट्ट्या असतात. पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या, नाक वर वळलेल्या छोट्या चापड्यालाही (चापडा म्हणजे आपल्याकडचा पिट व्हायपर) डोक्यावर तशाच मोठ्या पट्ट्या आहेत. हा शेवटचा साप दिसायला किरकोळ, पण त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली आहेत, आणि भारतातलं प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनतं. या चापड्यावर ते चालत नाही. चित्रासाठी म्हणून त्याच्याजवळ जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

खड्ड्याचं काम उष्णता ओळखणं. आत एक पातळ पडदा ताणलेला असतो, जाडी सुमारे १५ मायक्रॉन, त्याच्या पुढेही हवा आणि मागेही हवा. असा अधांतरी पडदा चटकन तापतो आणि चटकन निवतो. त्यात चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचे तंतू पसरलेले असतात. २०१० मध्ये त्या तंतूंमधला उष्णतेला प्रतिसाद देणारा रेणू सापडला. आपल्या शरीरात त्याच कुळातला रेणू मोहरीसारख्या झोंबणाऱ्या पदार्थांची जाणीव करून देतो. खड्ड्याकडून आलेली माहिती मेंदूच्या त्याच भागात पोचते जिथे डोळ्यांचं चित्र येतं, आणि तिथे दोन्ही एकमेकांवर बसतात.

मग सापाला दिसतं काय? बरेच चित्रकार इथे लाल-पिवळ्या-जांभळ्या रंगांची नक्षी काढतात. ते रंग यंत्राचे असतात. उष्णता मोजणारा कॅमेरा आकड्यांना माणसाच्या सोयीसाठी रंग देतो. सापाच्या खड्ड्याचं तोंड बऱ्यापैकी रुंद असल्यामुळे आत पडणारी उष्णतेची प्रतिमा धूसरच असणार. गार पार्श्वभूमीवर सरकणारा एक उबदार डाग, आणि त्याच्याभोवती डोळ्यांनी दिलेली रेखाकृती, इतपत कल्पना करायला हरकत नाही. त्यापुढे सगळी मौज.

याच्याशी जोडलेला एक प्रसंग मला कुठल्याही चित्रात दिसलेला नाही, तुम्ही जरूर काढा. कॅलिफोर्नियात जमिनीत बिळं करून राहणारी एक खार आहे. पिलांना धोका असला की ती रॅटलस्नेकसमोर येऊन शेपटी फुलवून हलवते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की रॅटलस्नेकसमोर हलवताना ती शेपटी तापते, म्हणजे तिच्यातला रक्तपुरवठा वाढतो. तोच प्रकार खड्डे नसलेल्या गोफर सापासमोर केला तेव्हा शेपटी हलली, पण तापली नाही. शत्रूला जे इंद्रिय आहे त्याच इंद्रियाला उद्देशून दिलेला इशारा. सापाचा आणि खारीचा असा समोरासमोरचा प्रसंग जबड्या-दातांच्या शंभर चित्रांपेक्षा मला जास्त बघायला आवडेल.

आता खुळखुळा. त्याच्या आत काहीही नसतं. दाणे नाहीत, खडे नाहीत. शेपटीच्या टोकाला केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच पदार्थाच्या, पोकळ कड्या एकीत एक सैल अडकलेल्या असतात आणि त्या एकमेकींवर आपटून आवाज होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा टोकाला फक्त एक बोंड असतं, त्याचा आवाज येत नाही. पुढे प्रत्येक वेळी कात टाकली की बुडाशी एक नवी कडी वाढते. साप वर्षातून अनेकदा कात टाकू शकतो आणि टोकाच्या कड्या झिजून तुटत राहतात, म्हणून कड्या मोजून वय सांगणं चुकीचं आहे.

चित्रकारासाठी यात दोन खुणा आहेत. पहिली: तरुण सापाचा खुळखुळा टोकाकडे निमुळता होत जातो, कारण साप लहान असताना बनलेल्या कड्या लहान असतात, आणि टोकाला ते जन्माचं बोंड शाबूत असतं. म्हाताऱ्या सापाचा खुळखुळा दोन्ही कडांनी समांतर, टोक तुटलेलं. म्हणजे वय आकड्याने नाही, आकाराने दाखवा. दुसरी: खुळखुळा गोल नळी नसतो. तो दोन्ही बाजूंनी चेपलेला असतो, रुंदीपेक्षा उंची जास्त, आणि कडेच्या मधोमध लांबीला एक खाच जाते. साप सरपटताना तो जमिनीपासून किंचित वर उचलून धरतो. तो जमिनीवर फरपटताना काढलात तर बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं जाणवेल.

शेपटीचे स्नायू ऊब मिळालेल्या सापात सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा आकुंचन पावतात, आणि हे बराच वेळ न थकता चालतं. त्यामुळे वाजत्या खुळखुळ्याच्या कड्या डोळ्याला सुट्या दिसत नाहीत, एक धूसर पट्टा दिसतो. चित्रात प्रत्येक कडी कोरून वर हलण्याच्या रेघा मारणं मला पटत नाही; एक काय ते ठरवा. २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवलं की कुणी जवळ येत असेल तर वेस्टर्न डायमंडबॅक ही रॅटलस्नेकची जात आवाजाची गती हळूहळू सेकंदाला चाळीसपर्यंत वाढवते आणि मग एकदम साठ ते शंभरवर नेते. त्या अचानक उडीमुळे ऐकणाऱ्याला साप आहे त्याहून जवळ वाटतो. माणसांवर घेतलेल्या चाचणीत तसंच घडलं. पण हेही लक्षात घ्या की रानातला रॅटलस्नेक पुष्कळदा वाजवतच नाही. लपणं जमत असेल तर तो गप्प बसतो. मेक्सिकोजवळच्या सांता कॅटलिना बेटावर तर खुळखुळा न उरलेली रॅटलस्नेकची एक जात आहे. कात टाकताना तिच्या कड्या टिकतच नाहीत.

तोंड उघडं दाखवायचंच असेल तर कारण हवं. जीभ बाहेर काढायला सापाला तोंड उघडावं लागत नाही, ओठांच्या मधोमध त्यासाठी फट असते. जबडा वासलेला, विषदंत पुढे आणि त्याच वेळी जीभ लवलवतेय, हे चित्र सर्वाधिक खपतं आणि सर्वाधिक खोटं आहे. विषदंत वरच्या जबड्याच्या एका फिरत्या हाडावर बसवलेले असतात. तोंड मिटलं की ते मागे टाळूशी मिटतात, दंशाच्या वेळी पुढे उभे राहतात. ते मांसल आवरणात असतात, त्यामुळे जबडा उघडा असला तरी बऱ्याचदा फक्त गुलाबी फुगवटा दिसतो, फार तर टोक. झेप आणि दंश एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत होतात. मजेची गोष्ट, २०१६ मधल्या मोजमापांत बिनविषारी रॅट स्नेकची झेपही तितकीच वेगवान निघाली.

तोंड उघडून बसणारा एक पिट व्हायपर मात्र खरोखर आहे, अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाणथळ जागांमधला कॉटनमाउथ. धोका वाटला की तो जबडा वासतो आणि आतली पांढरीशुभ्र त्वचा दाखवत स्थिर राहतो. ती पोज त्याची. ती उचलून रॅटलस्नेकला चिकटवू नका.

विषदंतांवरून एका मोठ्या चित्रकाराची बरीच निंदा झाली होती. जॉन जेम्स ऑडुबॉनने अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या त्याच्या मालिकेत मॉकिंगबर्डच्या घरट्यावर चाल करून आलेला रॅटलस्नेक दाखवला आहे. पिवळ्या जाईचा वेल, त्यात घरटं, आणि सापाच्या अंगावर तुटून पडलेले चार पक्षी. समकालीन टीकाकार म्हणाले, रॅटलस्नेक झाडावर चढत नाही आणि विषदंताचं टोक असं बाहेर वळलेलं नसतं. पुढे दोन्ही बाबतींत चित्र बरोबर ठरलं. टिंबर रॅटलस्नेक झाडावर चढतो, आणि दाताच्या टोकाला किंचित उलटा बाक असतो. पण याच ऑडुबॉनने १८२७ मध्ये एडिनबरोत वाचलेल्या निबंधात रॅटलस्नेक झाडांमधून खारीचा पाठलाग करतो आणि तिला आवळून मारतो असं लिहिलं. ते वर्णन रॅटलस्नेकचं नाहीच, रेसरसारख्या चपळ सापाचं आहे. माणूस तोच. समोर बघून काढलं ते टिकलं, आठवणीतून लिहिलं ते पडलं. तुमच्या ‘कुणाचं खरं मानायचं’ या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे: नाव पाहू नका, चित्रकाराच्या समोर काय होतं ते शोधा.

त्या कसोटीवर मला सर्वांत पुढे वाटतात ते मध्य अमेरिकेतले जुने शिल्पकार. रॅटलस्नेक त्यांच्या रोजच्या वावरातला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये अझ्टेकांनी ग्रॅनाइटमध्ये कोरलेला वेटोळं घातलेला रॅटलस्नेक आहे. जबडा आणि जीभ त्यांच्या ठरलेल्या शैलीत आहेत, ते सोडा. वेटोळी बघा: एकावर एक टेकलेली, वजन असलेली. आणि तळ, जो शिल्प जमिनीवर ठेवल्यावर कुणाला दिसणार नव्हता, तोही कोरलेला आहे, पोटाच्या आडव्या खवल्यांसकट. साप उलटा करून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

पंख असलेल्या नागदेवतेची शिल्पं, म्हणजे केत्झालकोआत्ल किंवा माया लोकांचा कुकुल्कान, पूर्ण काल्पनिक वाटतात. पण शेपटीकडे गेलात की खुळखुळा सापडतो. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहरातल्या पंखधारी सर्पाच्या पिरॅमिडवर तो आहे. चिचेन इत्झा या माया शहरातल्या योद्ध्यांच्या मंदिरात तर स्तंभच साप आहेत: डोकं जमिनीवर, शरीराचा खांब, आणि वर वळलेली खुळखुळ्याची शेपटी दाराच्या तुळईला आधार देते. डोकं खाली आणि शेपटी वर ही मांडणी कुणाला उफराटी वाटेल, पण सावध झालेला रॅटलस्नेक तसाच असतो, डोकं वेटोळ्याजवळ आणि शेपटी उभी. मेक्सिको शहरात १७९० मध्ये सापडलेली कोआत्लिक्वे या अझ्टेक देवीची मूर्ती अडीच मीटरहून उंच आहे. तिचा घागरा एकमेकांत विणलेल्या रॅटलस्नेकांचा, आणि मुंडक्याच्या जागी समोरासमोर आलेली सापाची दोन डोकी, जी मिळून एक चेहरा होतात. सापडल्यावर काही काळ ती पुन्हा पुरून ठेवली होती. मेक्सिकोच्या ध्वजावरच्या गरुडाच्या चोचीतला सापही रॅटलस्नेकच.

उत्तर अमेरिकेत, अलाबामातल्या माउंडव्हिलला सापडलेल्या दगडी तबकडीवर गाठी मारलेले, शिंगं असलेले दोन रॅटलस्नेक आहेत, मधे तळहात आणि त्यात डोळा. इथे निरीक्षण कमी, चिन्ह जास्त. तरी खुळखुळा आणि अंगावरची नक्षी टाळलेली नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या, १७७५ च्या पिवळ्या गॅड्सडेन ध्वजावरचा साप तर निव्वळ घोषणा आहे. त्याच वर्षी एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या आणि बेंजामिन फ्रँकलिनच्या मानल्या जाणाऱ्या लेखात रॅटलस्नेक हे अमेरिकेचं चिन्ह का शोभतं ते सांगितलंय: त्याला पापण्या नाहीत म्हणून तो जागरूक, आणि तो आधी इशारा देतो. राजकारण म्हणून उत्तम. पण लाखो लोकांच्या डोक्यात जो रॅटलस्नेक बसला तो हा, आणि तुमच्या फोटोंमधली पोजही बहुधा त्याच परंपरेतून आली. भर घातली ती पेंढा भरलेल्या सापांनी. टेक्सासमधल्या स्वीटवॉटरला १९५८ पासून रॅटलस्नेक पकडण्याची जत्रा भरते. अशा ठिकाणांहून निघालेले जबडा वासलेले साप आणि कातड्याचे पट्टे हाच अनेकांचा ‘प्रत्यक्ष अनुभव’. जॉर्जियातल्या क्लॅक्सटनने २०१२ मध्ये ही पद्धत सोडून साप न मारणारा वन्यजीव महोत्सव सुरू केला, हे बरं झालं.

आशियातलं एकच उदाहरण देतो, कारण ते नक्षीबद्दल खूप शिकवतं. तैवानमधले पैवान लोक शंभर पावलांचा साप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिट व्हायपरला आपल्या सरदार घराण्यांचा पूर्वज मानतात. घरांच्या तुळयांवर, खांबांवर, कपड्यांवर तो असतो. त्या सापाच्या दोन्ही कुशींवर गडद त्रिकोण असतात आणि त्यांची टोकं पाठीच्या मध्यावर एकमेकांना भेटतात. पैवान कारागिरांनी साप जवळजवळ काढून टाकला आणि त्रिकोणांची रांग ठेवली. तरीही तोच साप ओळखू येतो. तुम्ही नक्षी काढताना तेच करून बघा: आधी ती कोऱ्या पट्टीवर सपाट मांडा, मग शरीरावर गुंडाळा. डायमंडबॅकचे चौकट वेटोळ्याच्या वळणावर कसे आक्रसतात आणि बाहेरच्या बाजूला कसे पसरतात ते मग कळतं.

दोन साप उभे राहून एकमेकांना पीळ घालतायत, हे दृश्य सगळीकडे मीलन म्हणून रंगवतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात. मादीसाठी कुस्ती चाललेली असते, दुसऱ्याचं डोकं खाली दाबायची. चावाचावी नसते. मीलन जमिनीलगत, गाजावाजा न होता होतं. हे रॅटलस्नेकला लागू आहे आणि धामणीलाही.

आणि एकटेपणा. चित्रातला रॅटलस्नेक नेहमी एकटा. थंड प्रदेशात मात्र ते हिवाळा खडकांच्या कपारीत एकत्र काढतात, त्याच जागी वर्षानुवर्षं परततात. गाभण माद्या उन्हाच्या खडकावर जवळजवळ पहुडतात. बहुतेक पिट व्हायपर पिल्लांनाच जन्म देतात, अंडी घालणारे बुशमास्टरसारखे थोडे. टिंबर रॅटलस्नेकची मादी पिल्लांची पहिली कात निघेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, त्यांच्याजवळ राहते. आईच्या वेटोळ्यावर पडलेली, खुळखुळा नसलेली, करड्या रंगाची पिल्लं. यात जबडा कुठेच नाही.

आणखी एक क्षण, जवळून पाहिलेला. रखरखीत जागी पाऊस सुरू झाला की रॅटलस्नेक बिळातून बाहेर येतो, वेटोळं घालतो आणि शरीर इतकं चपटं करतो की पाठीवर उथळ ताटली तयार होते. त्याच्या खवल्यांवर सूक्ष्म चरांचं जाळं असतं, त्यामुळे थेंब घरंगळत नाहीत, जागीच चिकटतात आणि वाढतात. मग तो डोकं खाली करून आपल्याच अंगावरचं पाणी पितो. प्रत्येक खवल्याच्या मधोमध जो कंगोरा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना थेंब उभे असतात आणि जबडा त्यांच्यावरून अगदी सावकाश सरकतो. डोळ्यासमोर पाणी ओघळतं तरी डोळा मिटत नाही, मिटूच शकत नाही. ओलं खवल्याचं अंग हे तैलरंगात करायचं काम आहे, जलरंगात मला ते कधी समाधानकारक वाटलेलं नाही.

रंगाबद्दल विचारलंत म्हणून. रॅटलस्नेकसाठी आधी जमीन रंगवा. स्पेकल्ड रॅटलस्नेक ज्या खडकावर राहतो त्या खडकाच्या रंगाचा असतो: कुठे पांढुरका, कुठे गुलाबी, कुठे नारिंगी. साइडवाइंडर या वाळवंटी, तिरप्या सरपटणाऱ्या रॅटलस्नेकचा रंग वाळूचा, आणि तो ठेवून जातो त्या तिरप्या, एकमेकींना समांतर खुणाही काढायला विसरू नका. बऱ्याचदा तेवढ्याच दिसतात.

पश्चिम घाटातल्या मलबार चापड्याचं उलट. एकाच जंगलात हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी, निळसर असे वेगवेगळे साप मिळतात आणि सगळे एकाच जातीचे. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या खालच्या फांद्यांवर रात्री तो बसतो, डोकं पुष्कळदा खालच्या दिशेला, शेपटीचा पीळ फांदीला. ती शेपटी वस्तू पकडून ठेवणारी आहे. तिच्यावर भार दिसला पाहिजे. आग्नेय आशियातल्या वॅगलर पिट व्हायपरमध्ये नर-मादीचाच फरक एवढा की दोन जाती वाटाव्यात: मादी मोठी, काळी-पिवळी, आडव्या पट्ट्यांची; नर बारीक, हिरवा, लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा. नर-मादी शेजारी काढणार असाल तर दोघांना सारखं रंगवू नका.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर लांब लेन्स किंवा दुर्बीण न्या आणि माहीतगार माणसाबरोबर जा. झेप साधारण शरीराच्या निम्म्या लांबीपर्यंत पोचते. तुम्ही त्याच्या कितीतरी पट लांब राहा. म्हणजे तुम्हीही सुरक्षित आणि सापही पोज न बदलता बसून राहील, जे तुम्हाला हवंय. मेलेला साप रेखाटायला मिळाला तरी हात लावू नका. तुटलेलं डोकंही बराच वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं.

संग्रहालयातले बाटलीतले नमुने खवले मोजायला आणि डोक्याची रचना समजायला सर्वोत्तम आहेत, रंगासाठी अजिबात नाहीत. हिरव्या सापाचा हिरवा हा एक रंग नसतो. वर पिवळं रंगद्रव्य आणि खाली प्रकाश विखुरून निळा दाखवणाऱ्या पेशी, असं ते मिश्रण असतं. अल्कोहोलमध्ये पिवळं विरघळून जातं आणि साप निळा होतो. जुन्या ग्रंथांत हिरव्या चापड्यांना विचित्र निळा रंग दिसला तर चित्रकाराच्या समोर बाटली होती असं खुशाल समजा. १८७२ मध्ये छापलेल्या जोसेफ फेररच्या भारतीय विषारी सापांवरच्या ग्रंथासाठी कलकत्त्याच्या सरकारी कला विद्यालयातल्या चित्रकारांनी, त्यांत अन्नदाप्रसाद बागची होते, जिवंत साप समोर ठेवून काम केलं, आणि तो फरक पानोपानी दिसतो. हिरव्यासाठी तुम्हीही तोच क्रम ठेवा: खाली फिकट निळा पूर्ण वाळू द्या, वर पारदर्शक पिवळ्याचे पातळ थर चढवा, आणि ट्यूबमधला तयार हिरवा फक्त पोटाच्या कडेच्या सावलीत वापरा.